मधले नाव आईचे: नवी मुंबईतील एका नावबदलाच्या दाव्याचा अभ्यास

पार्श्वभूमी

ऐरोलीत राहणारी, आयटी कंपनीत नोकरी करणारी २६ वर्षांची तरुणी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. न्यायालयाच्या कागदांत ती ‘वादी’ आहे, इथेही तेच म्हणू. ती चार वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले, पुढे रीतसर घटस्फोट झाला आणि ताबा आईकडे आला. आईने माहेरचे आडनाव पुन्हा लावले. मुलीचे कागद मात्र जन्मदाखल्यापासून पदवीपर्यंत वडिलांच्या नावाने आणि आडनावाने चालत राहिले. मधल्या नावाच्या जागी आईचे नाव आणि शेवटी आईचे माहेरचे आडनाव हवे, एवढीच तिची मागणी.

मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव लावणे बंधनकारक झाले, त्याचा आधार घेता येईल का, असे तिने आधी विचारले होते. तो निर्णय १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आहे, आणि त्यातही आईच्या नावापुढे वडिलांचे नाव राहतेच. तिच्या उपयोगाचा नव्हता.

नोकरी लागल्यावर पहिले काम झाले ते राजपत्राचे. सज्ञान व्यक्तीला नाव बदलायला न्यायालयाची परवानगी लागत नाही. शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करायचा, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, फोटो आणि कारण द्यायचे, शुल्क भरायचे. मग महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये जुने आणि नवे नाव छापून येते. ‘कोर्टातून ॲफिडेव्हिट केले की नाव बदलते’ हा समज अजून पक्का आहे. ठाण्याच्या कोर्टनाक्यावर टाइप करून नोटरीचा शिक्का मारलेले प्रतिज्ञापत्र हा आपण आपल्याबद्दल शपथेवर दिलेला जबाब असतो, न्यायालयाचा आदेश नसतो. (सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक माफ आहे, तरी लोक स्टॅम्पपेपर घेतातच.)

राजपत्र हाती आल्यावर आधार, मग पॅन, मग बँक, मग पासपोर्ट असा क्रम लावला. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि एक संधी पूर्वी स्पेलिंग दुरुस्तीत गेली होती, म्हणून नव्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग आधी कागदावर पक्के केले. आईचे नाव नीता. आईच्या पॅनवर ‘एन’नंतर ‘डबल ई’, जुन्या शिधापत्रिकेच्या इंग्रजी नोंदीत ‘एन’नंतर नुसता ‘आय’. पॅनवरचे धरले. ही गोष्ट पुढे पुन्हा आडवी आली.

अडचण नेमकी कुठे होती

दहावी-बारावीची प्रमाणपत्रे. भारतात नोकरीसाठी जुने प्रमाणपत्र आणि राजपत्राची प्रत एकत्र दिली की बहुतेक ठिकाणी भागते; तिच्या कंपनीनेही तेवढ्यावर पडताळणी पूर्ण केली होती. परदेशातील व्यावसायिक नोंदणीसाठी मात्र गुणपत्रिका परीक्षा मंडळाकडून थेट मागवल्या गेल्या. मंडळाने त्या जुन्या नावाने पाठवल्या, पासपोर्टवर नवे नाव, आणि अर्ज अडकला.

शाळा नेरूळची. आई तिथे गेली तेव्हा कार्यालयातून सांगण्यात आले, “मॅडम, मुलगी शाळा सोडून गेली, आता रजिस्टरला हात लावता येत नाही. बोर्डाला विचारा.” मंडळाच्या हेल्पलाइनने सांगितले, शाळेमार्फत या. दोन्ही उत्तरे तोंडी. इथे बहुतेक जण थेट वकील गाठतात आणि दावा लावतात. तो पाया कच्चा राहतो.

विशिष्ट साहाय्य कायदा, १९६३ च्या कलम ३४ खाली घोषणा (हा हक्क तुमचा आहे असे न्यायालयाने जाहीर करणे) मागायची, तर तुमचा हक्क कोणीतरी नाकारलेला असावा लागतो किंवा नाकारण्यात त्याला स्वारस्य असावे लागते. ‘टोलवाटोलवी झाली’ हे दाव्याचे कारण म्हणून लंगडे पडते. म्हणून वादीने शाळेमार्फत मंडळाला लेखी अर्ज केला, सोबत राजपत्र जोडले, आणि त्याचीच एक प्रत पोचपावतीसह टपालाने थेट मंडळाला पाठवली. उत्तर येईना, तेव्हा माहितीच्या अधिकारात अर्जाची सद्यःस्थिती विचारली. त्यानंतर दोन ओळींचे पत्र आले: निकाल जाहीर झाल्यानंतर नावात बदल करता येत नाही; न्यायालयाचा आदेश असल्यास विचार केला जाईल. नकार म्हणून हे पत्र सोन्यासारखे. दाव्याचे कारण त्यातून मिळाले आणि मुदतही त्याच्या तारखेपासून मोजता आली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, काहीच न करणे. ऐकायला विचित्र वाटेल, पण नाव बदललेल्या बहुतेकांसाठी हाच शहाणपणाचा असतो. जुनी प्रमाणपत्रे जुन्या नावाने राहू द्यावीत, राजपत्राच्या प्रती जपाव्यात. वादीपुढे परदेशी नोंदणीची ठोस गरज नसती, तर तिला हाच सल्ला दिला असता.

दुसरा, उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ रोजी जिग्या यादव विरुद्ध सीबीएसई (केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ) या निकालात नाव हा व्यक्तीच्या अभिव्यक्तीचा आणि जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मानले. त्याच निकालाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. शाळेच्या किंवा जन्माच्या नोंदीशी जुळवून घेण्यासाठीची ती दुरुस्ती. स्वतःच्या पसंतीने घेतलेले नवे नाव हा बदल. बदलासाठी मंडळ न्यायालयाची घोषणा, राजपत्र आणि मूळ प्रमाणपत्र परत करण्याची अट घालू शकते, असेही त्यात म्हटले आहे. वादीचा मामला उघड उघड बदलाचा. रिट लवकर संपू शकली असती, पण खर्च जास्त, आणि वडिलांविषयी काही वाद निघाला तर ‘साक्षीपुराव्याचा विषय आहे, दिवाणी न्यायालयात जा’ असे ऐकून परतण्याची शक्यता होती.

तिसरा, दिवाणी दावा. वेळखाऊ, पण साक्षीपुरावा नोंदवून जी घोषणा मिळते ती मंडळाने मागितलेलीच असते. वादीने हा मार्ग घेतला.

दावा कसा मांडला

या प्रकरणाचा निकाल खरे तर दाव्याच्या शेवटच्या पानावर, विनंतीच्या परिच्छेदात ठरला.

पहिल्या मसुद्यात तीन मागण्या होत्या: नवे नाव हेच वादीचे नाव असल्याची घोषणा, जन्मदाखल्यात बदल, आणि प्रमाणपत्रावरील वडिलांच्या नावाच्या रकान्यातून वडिलांचे नाव काढणे. शेवटच्या दोन्ही काढून टाकल्या.

वडिलांचा रकाना ही वस्तुस्थितीची नोंद असते. उमेदवाराचे नाव काय असावे हे उमेदवार ठरवू शकतो, बाप कोण हे ठरवू शकत नाही. ती मागणी ठेवली असती, तर नावाचा साधा दावा पितृत्वाचा झाला असता, वडील आवश्यक पक्षकार ठरले असते आणि त्यांचा ठावठिकाणा कोणालाच माहीत नव्हता. अशा वेळी बदली समन्स, म्हणजे वर्तमानपत्रातून बजावणी करावी लागते, त्यात महिने जातात. महाराष्ट्रात मधले नाव म्हणजे वडिलांचे नाव ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की मधले नाव बदलले म्हणजे बापाला नाकारले, असे घरच्यांनाच काय, काही वकिलांनाही वाटते. तसे काही होत नाही. वारसाहक्क रक्ताच्या नात्यावर चालतो, मधल्या नावावर नाही.

जन्मदाखल्याचेही तसेच. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ खाली निबंधक चूक दुरुस्त करतो. जन्माच्या वेळी जे नाव खरे होते ते चूक नव्हते. शिवाय महापालिकेला प्रतिवादी केले, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ ची एक महिन्याची नोटीस आधी द्यावी लागते. राज्य शासनाला केले, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची. गरज नसलेला प्रतिवादी जोडला की असा वेळ जातो. मंडळ ही नोंदणीकृत संस्था असल्याने कलम ८० ची नोटीस लागणार नाही असे धरले, तरीही वकिलाची साधी नोटीस पाठवून ठेवली.

उरलेल्या घोषणेला मात्र एक जोड हवी होती. नुसती घोषणा मागितली आणि पुढची दाद मागणे शक्य असून मागितली नाही, तर विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ३४ च्या परंतुकाप्रमाणे न्यायालय घोषणाही देत नाही. म्हणून त्याच कायद्याच्या कलम ३९ खाली आज्ञार्थी मनाईहुकूम मागितला: मूळ प्रमाणपत्रे व शुल्क स्वीकारून मंडळाने उमेदवाराच्या नावाच्या रकान्यात नवे नाव नोंदवून नवीन प्रमाणपत्रे द्यावीत.

प्रतिवादी दोनच, मंडळ आणि शाळा. कलम ३५ प्रमाणे घोषणा फक्त दाव्यातल्या पक्षकारांवर आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांवर बंधनकारक असते. जगाला बांधणारा आदेश यातून मिळत नाही, म्हणून ज्याच्याकडून काम करून घ्यायचे तो प्रतिवादीत हवाच.

न्यायालय कोणते? मंडळाचे कार्यालय नवी मुंबईबाहेर, पण शाळा नेरूळची आणि अर्ज तिथूनच गेलेला. दाव्याचे कारण अंशतः जिथे घडते तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २०(ग) प्रमाणे दावा लावता येतो. नवी मुंबईत इथे हमखास गोंधळ होतो. ऐरोली ते बेलापूर पट्टा ठाणे जिल्ह्यात, म्हणून बेलापूरचे न्यायालय. खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात, म्हणून पनवेलचे. पत्त्यात ‘नवी मुंबई’ लिहिले म्हणून न्यायालय एकच होत नाही.

पैशांत मोजता न येणाऱ्या घोषणेच्या दाव्याचे मूल्यांकन महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियमाच्या कलम ६(४)(ञ) खाली १,००० रुपये धरतात. त्यामुळे न्यायालयीन शुल्क किरकोळ. खरा खर्च वकिलाची फी, टंकलेखन आणि नकलांचा.

तारखांवर काय झाले

दाखल करताना कार्यालयीन आक्षेप निघाले: राजपत्राची प्रत पुसट, सत्यापनावरची (दाव्यातला मजकूर खरा असल्याच्या कबुलीवरची) सही आणि वकालतनाम्यावरची (वकील नेमल्याच्या कागदावरची) सही वेगळी. दुसरा आक्षेप लक्षात ठेवण्यासारखा. वादीने दाव्यावर नव्या नावाची, तर वकालतनाम्यावर सवयीने जुन्या नावाची सही केली होती. नव्या नावाची, गिरक्या न मारता साधी, वाचता येईल अशी सही ठरवावी आणि राजपत्रानंतर तीच वापरावी. शीर्षकात नवे नाव आणि पुढे ‘पूर्वाश्रमीचे नाव’ म्हणून जुने, असे दोन्ही हवे.

समन्स बजावल्यावर शाळा आली नाही, तिच्याविरुद्ध दावा एकतर्फा चालला. मंडळाने वकील दिला आणि कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल केली. मुद्दे ठरलेले होते: या न्यायालयाला अधिकारक्षेत्र नाही, नियमांत तरतूद नाही, दावा मुदतबाह्य आहे. मुदतीचा आक्षेप गंभीर होता. मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ५८ प्रमाणे घोषणेच्या दाव्याला दावा लावण्याचा हक्क प्रथम निर्माण झाल्यापासून तीन वर्षे मिळतात. मंडळाचे म्हणणे, हा हक्क ती १८ वर्षांची झाली तेव्हाच निर्माण झाला. वादीचे उत्तर, तेव्हा तिने नाव बदललेच नव्हते आणि कोणी नाकारलेही नव्हते. नकार त्या दोन ओळींच्या पत्राने आला. न्यायालयाने हे मान्य केले. पत्र नसते तर ही लढाई अवघड गेली असती.

पुरावा म्हणून वादीचे सरतपासाचे शपथपत्र (तिची स्वतःची साक्ष), राजपत्र, आधार, पॅन, पासपोर्ट, आईवडिलांच्या घटस्फोटाचा हुकूमनामा (निकालावरून तयार होणारा औपचारिक आदेश) आणि मूळ प्रमाणपत्रे. राजपत्र संकेतस्थळावरून उतरवलेले, म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडले. नाव बदलून कोणी कर्ज किंवा गुन्हा लपवत नाही ना, हे न्यायालय पाहतेच. त्यासाठी शपथपत्रात स्पष्ट विधान आणि पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र दिले. कायद्याने ते सक्तीचे नाही, पण न्यायाधीशांचा एक प्रश्न कमी होतो.

उलटतपास छोटा झाला. मंडळाच्या वकिलांनी विचारले, वडिलांच्या मिळकतीतला हक्क सोडला आहे का. वादी म्हणाली, “नाही. वडील तेच आहेत. नाव माझे बदलले आहे.” वडिलांना पक्षकार का केले नाही, असे न्यायाधीशांनी युक्तिवादाच्या वेळी विचारले. त्यांच्याविरुद्ध कोणतीही दाद मागितलेली नाही, त्यांच्या नावाचा रकाना तसाच राहणार आहे आणि वादी सज्ञान आहे, एवढे उत्तर पुरले. मसुद्यातून काढलेली ती तिसरी मागणी राहिली असती, तर या प्रश्नाला उत्तर नव्हते.

हुकूमनामा आणि त्यानंतर

दाखल केल्यापासून साधारण दीड वर्षाने दावा मंजूर झाला, घोषणा आणि आज्ञार्थी मनाईहुकूम दोन्ही. मंडळाने अपिलाची ३० दिवसांची मुदत संपेपर्यंत हालचाल केली नाही. नंतर दोन ठिकाणी गाडी अडली.

पहिले, स्पेलिंग. निकाल मराठीत. दाव्याच्या विनंतीत नव्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग अक्षरशः दिले होते, पण आदेशाच्या भागात ते उतरले नाही, आणि हुकूमनामा तयार होताना वादीच्या बाजूने कोणी पाहिला नाही. मंडळाने विचारले, ‘नीता’ डबल ई की आय? पासपोर्ट दाखवून भागेना. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली लेखनिक चूक दुरुस्तीचा अर्ज केला. दाव्यातच स्पेलिंग असल्यामुळे तो मंजूर झाला. दाव्यात नसते तर हे कलमही कामी आले नसते.

दुसरे, मूळ प्रमाणपत्रे. मंडळाला ती परत हवी होती आणि ती न्यायालयाच्या फायलीत पुरावा म्हणून निशाणी क्रमांक पडून बसलेली. त्याच संहितेच्या आदेश १३ नियम ९ खाली अर्ज करून, खऱ्या प्रती ठेवून, मूळ कागद सोडवून घ्यावे लागले.

अखेर नवीन प्रमाणपत्रे मिळाली. त्यांवर नाव बदलल्याची नोंद आणि तिची तारीख आहे, जुन्या नावाचा उल्लेखही आहे. वादीला कोरे, स्वच्छ प्रमाणपत्र मिळेल असे वाटत होते, त्यामुळे ती थोडी नाराज झाली. पण २०२१ च्या निकालाने मंडळाला अशी नोंद ठेवण्याची मुभा दिली आहे, आणि परदेशी नोंदणीला ही नोंदच सोयीची ठरली, कारण जुने आणि नवे नाव एकाच कागदावर दिसले. अर्ज मार्गी लागला.

वेगळे काय करता आले असते

मूळ प्रमाणपत्रे पुराव्याच्या दिवशी दाखवून, पडताळणी करून, त्यांच्या जागी प्रती ठेवण्याची परवानगी तेव्हाच मागता आली असती. प्रतिवादीचा आक्षेप नसेल तर न्यायालये सहसा देतात.

लेखी युक्तिवादासोबत मागितलेल्या आदेशाचा मसुदा, इंग्रजी स्पेलिंगसह, वेगळ्या कागदावर द्यायला हवा होता. हुकूमनाम्यावर सही होण्याआधी वकिलाने तो वाचणे हे कामाचा भाग आहे. आपल्याकडे निकाल लागला की सगळे पेढे आणायला जातात.

मंडळाला लेखी अर्ज राजपत्र मिळाल्याच्या आठवड्यातच करता आला असता. वादीने परदेशी नोंदणी अडकेपर्यंत वाट पाहिली आणि दावा चालू असताना तो अर्ज पूर्ण वेळ लटकत राहिला.

जातीचा दाखला किंवा वैधता प्रमाणपत्र असणाऱ्यांनी या प्रकरणाची नक्कल जशीच्या तशी करू नये. वादी खुल्या प्रवर्गातली होती. पडताळणी समिती प्रामुख्याने वडिलांकडच्या नातेवाइकांच्या नोंदी तपासते. आडनाव बदलल्यावर त्या नोंदींशी नाते दाखवण्याचे ओझे वाढते. वैधता आधी काढून घ्यावी, आडनावाला नंतर हात लावावा.

पदवी प्रमाणपत्र अजून जुन्या नावाने आहे. विद्यापीठ दाव्यात नव्हते, म्हणून हा हुकूमनामा त्याला बांधत नाही. त्याला आधीच प्रतिवादी करावे का, याचा विचार झाला होता. पण विद्यापीठाकडे अर्जच केलेला नव्हता, नकार नव्हता, आणि नकाराशिवाय त्याच्याविरुद्ध दाव्याचे कारण दाखवता आले नसते. दावा लावण्याआधी तोही अर्ज करून उत्तर घेतले असते, तर एकाच दाव्यात दोन्ही कामे झाली असती. आता तिने हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल आणि राजपत्र जोडून विद्यापीठाकडे अर्ज दिला आहे, यावेळी पोचपावतीसह.